वन्संनी झोपवलेले बटाटे

आमच्या वन्संइतका बटाट्याचा स्वभाव ओळखणारं माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात सापडायचं नाही. जिल्हा नवानवा झाला तेव्हाही मी मनात हेच म्हणत होते, आणि आता तो जुना झाला तरी माझं मत बदललेलं नाही. वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. त्यांना देगलूरला दिलं होतं. त्यांचे मालक वारल्यावर रेणापूरजवळच्या आमच्या गावी त्या परत आल्या, त्या एक पत्र्याची पेटी आणि बेण्याच्या बटाट्यांचं गाठोडं घेऊन. पेटी कुठं ठेवू, हे त्यांनी मला विचारलं. बटाट्यांची जागा मात्र स्वतः शोधली. घरातला सगळ्यात गार कोपरा त्यांना मिळाला आणि आमचे पाण्याचे माठ उंबऱ्याशी आले. बटाट्याला त्या तिकडच्यासारखं आलूगड्डा म्हणत. त्याच्याविषयी बोलताना आवाज खाली आणत, जसा आपण घरातल्या लाजऱ्या मुलाविषयी बोलताना आणतो.

विहिरीजवळचा, रस्त्याला लागून असलेला एक पट्टा सासऱ्यांनी त्यांना तोंडीच देऊन टाकला होता. सासरे गेले, आणि त्या पट्ट्याशिवाय वन्संचं म्हणावं असं काही राहिलं नाही. गावात सगळे ज्वारी-हरभरा पेरणारे. वन्संनी बटाटे लावले. पहिल्या वर्षी युरिया इतका घातला की पाला मांडीला लागला. बायका मुद्दाम बघायला येत. उपटून पाहिलं तर खाली नुसती मुळं आणि बेण्यापुरत्या गोट्या. दुसऱ्या वर्षी जिल्ह्याचं ठिकाण लातूरला आलं आणि आमच्या रस्त्याला दिवे आले. खांब कुणालाच आपल्या रानात नको होता. वन्संनी आपण होऊन पट्ट्याचा कोपरा दिला, खांब रोवणाऱ्यांना भाकरी-पिठलं खाऊ घातलं आणि खांबाला हळदकुंकू लावलं. "नव्या जिल्ह्याचा उजेड हाय. पीक रात्रीबी वाढंल," म्हणाल्या. पीक रात्रीही वाढलं. त्या वर्षी सुद्धा सगळा पालाच.

तिसऱ्या वर्षी पाऊस पडलाच नाही. विहिरीचा तळ दिसू लागला, बैलांच्या बरगड्या दिसू लागल्या. आमच्या ह्यांनी जेवता जेवता बहिणीला सांगितलं, "आक्का, ह्या टायमाला खाली काई लागलं न्हाई तर पट्टा चाऱ्याच्या कडवळाला घेतो. जनावरं उपाशी मरायलीत."

"घे की. लागलं तर?"

"तर तुझा. पुन्हा इषय काढणार न्हाई."

वन्सं ताटावरून उठल्या नाहीत, पण भाकरी तशीच राहिली.

लातूरहून शेतकीचे एक साहेब गावात येत, तरुण आणि फार सभ्य. वन्संनी त्यांना ओसरीवर बसवून घेतलं. त्यांनी समजावून सांगितलं, की बटाट्याला पोसायला थंड रात्र लागते. दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की पानं खाली निरोप पाठवतात, आता साठवायला लागा. युरिया फार झाला की झाड पाल्यातच रमतं. शिवाय जातीजातीत फरक असतो. काही जाती रात्र चांगली मोठी झाल्याशिवाय गड्डा धरतच नाहीत. तुमची तसली असेल तर दिव्याचाही त्रास होत असेल, पण खात्रीनं सांगता येणार नाही.

वन्संनी एवढंच विचारलं, "म्हंजी त्याला झोप लागंना व्हय?"

साहेब हसले आणि तसंच समजा म्हणाले. त्यांनी ते गमतीनं म्हटलं होतं. वन्संनी तसं घेतलं नाही. तुराट्या रोवून त्यावर बारदान टाकायचं त्यांनी ठरवलं. रोज उन्हं कलली की त्या बटाट्यांना निजवायला जात आणि सकाळी उठवायला जात. अर्ध्याच सऱ्यांना बारदान पुरलं, तर उरलेल्यांपुढे उभ्या राहून अपराध्यासारख्या बोलत. समोरच्या किराणावाल्या अण्णांना तर रोजची करमणूक झाली. "आक्का, अंगाई म्हनली का न्हाई आज?"

"तुमी गल्ला मोजताना गप बसा अण्णा, लेकरं दचकतेत."

ह्या नव्या विद्येनं त्या माणसंही तोलू लागल्या. माझ्या पुतणीला स्थळ आलं. मुलगा उंच, गोरा, घड्याळ लावलेला. पाहुणे जाताच वन्सं मला म्हणाल्या, "युरियावर वाढलाय गं. नुसता पाला." आणि खरं सांगते, त्या स्थळाला आम्ही नकार दिला.

काढणीच्या दिवशी अण्णा दुकान उघडं टाकून आले, साहेबही आले. वन्संनी कुदळ भावाच्या हातात दिली आणि स्वतः बांधावर पाठ करून बसल्या. उघड्या सऱ्यांत आधी खणलं. सुपारीएवढं काही काही निघालं. मग बारदानाखालची सरी. ह्यांनी एक घाव घातला, खाली बसले आणि हातानं माती उकरू लागले. मुठीएवढे बटाटे, एकाला एक लागून, घोसच. "आक्का," हे म्हणाले, "इकडं बघ की."

वन्सं वळल्या नाहीत. "किती हायेत ते आधी सांग."

"लई हायेत."

साहेब म्हणाले, बारदानानं गारवा आणि ओल टिकली, त्याचाही वाटा असेल. अण्णा म्हणाले, "साहेब, आज असू द्या. झोपच लागली म्हना." त्या दिवशी गावभर चार चार बटाटे मी दिले. मी कुणाच्या दारात फारशी न जाणारी. पण त्या दिवशी प्रत्येक उंबऱ्यावर "वन्संचे आहेत" असं मोठ्यानं सांगितलं.

ह्यांनी शब्द पाळला. पट्ट्याचं नाव पुन्हा काढलं नाही. चारा नव्हता, म्हणून बैल विकायला बाजाराला न्यायचं मात्र ठरलं. हे बैलांच्या शिंगांना तेल लावत होते. तेवढ्यात वन्संनी विळ्यानं बारदानाच्या दोऱ्या तोडल्या, तुराट्या उपटल्या आणि मोकळ्या पट्ट्यात कडवळाचं बी फेकायला लागल्या.

"आक्का, पट्टा तुझा हाय म्हनलं ना मी," हे म्हणाले.

"म्हनूनच. त्यात काय पेरायचं ते मी बघीन. सोड ते बैल."

विहिरीत होतं नव्हतं ते पाणी कडवळाला गेलं. त्या उन्हाळ्यात जपून ठेवलेलं बेणंही उकाड्यानं सडलं, आणि त्या जातीचं बेणं पुन्हा कुठं मिळालं नाही. संध्याकाळी बैल हिरव्या कडवळात तोंड घालत, तेव्हा धाटं मोडल्याचा आवाज ओसरीपर्यंत येई. वन्सं बांधावर बसून तो ऐकत असत. मी चहा घेऊन जायची, आणि त्या हात मागे करून कप घ्यायच्या, बैलांवरची नजर न काढता.