भवानीचा वाडगा

"तिला आधी वाढलंसच का?" मिएन नवऱ्यावर खेकसली. "नवरा गिळला, पोर गिळलं, आता माझं दुकान गिळायला बसवलीस? तेही भवानीच्या वेळी!"

"अगं, तिसऱ्यांच्या शिंपल्यांत वाळू होती," क्वी म्हणाला. "लोक थू थू करत उठले. त्याला थोआ काय करील?"

"तू गप. काडेपेटी दे इकडे, तिचा अपशकुन जाळून काढते."

बांबूच्या तट्ट्यामागे थोआ उभी होती. टोपली विसरली म्हणून परत आली होती बिचारी. काडी ओढल्याचा आवाज तिने ऐकला. कागदाचा पेटता बोळा चुलीवरून फिरला, भाताच्या पाटीवरून फिरला, आणि मग जिथे ती सकाळी बसली होती त्या ठेंगण्या स्टुलावरूनही फिरला. धूर तट्ट्यातून तिच्या नाकात गेला. खोकला येऊ नये म्हणून तिने बाही तोंडात कोंबली, टोपली उचलली आणि पावलं न वाजवता पूल गाठला.

या भांडणाला सव्वीस वर्षं झाली. हुए शहराजवळच्या नदीत जे बेट आहे, तिथे मिएन आणि क्वीचं तिसऱ्याभाताचं दुकान. दुकान म्हणजे पत्र्याची पडवी, गुडघ्याएवढी टेबलं आणि त्याहून बुटकी स्टुलं. शिळा भात, त्यावर नखाएवढ्या तिसऱ्या, शेंगदाणे, आंबवलेल्या कोळंबीची चटणी आणि मूठभर हिरवा पाला. या पाल्यावरच सगळी चव. पाला आणायची थोआ. पुदिना, अळूचे देठ, केळफूल, पलीकडच्या काठावरच्या आपल्या वाडीतून खांद्यावर कावड घेऊन, उजाडता उजाडता.

थोआचा नवरा लग्नाच्या आठव्या महिन्यात तिसऱ्या काढायला गेला आणि होडीसकट बुडाला. त्याच्यामागे जन्मलेली मुलगी वर्षाची व्हायच्या आत तापाने गेली. तेव्हापासून थोआचा पायगुण वाईट ठरला. सकाळी ती समोरून आली की बाजारातल्या बाया तोंड फिरवत. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक कसं आहे त्यावर दिवस ठरतो, मग उगीच कोण जोखीम घेतो? थोआलाही ते पटलेलंच होतं. फक्त मिएनकडे ती चारचौघींसारखी बसायची, आणि त्या दिवशी तेही गेलं.

दुसरी कुणी असती तर पुन्हा तिथे पाऊल टाकलं नसतं. पण थोआला त्या भाताची सवय झाली होती, आणि तिथल्या बोलण्याची त्याहून जास्त. घरी बोलायला होतं कोण? एक मांजर, तेही शेजाऱ्यांचं. म्हणून तिने आपल्यापुरता मार्ग काढला. पाला द्यायचा आणि बाहेर बदामाच्या झाडाखाली बसायचं. दुसऱ्या कुणी पहिला वाडगा खाल्ला की मगच आत जायचं.

"आत ये की, ताई!"

"पाय चिखलाचे आहेत गं."

दुसऱ्या दिवशी कावडीची दोरी सैल झालेली असे. तिसऱ्या दिवशी वारा बरा वाटत असे. शेवटी मिएनने विचारायचं सोडलं. "आमच्या थोआताईला हवेशीर लागतं," असं गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायची! एकदा आत आली की थोआ मात्र खुलायची.

"मिरची जरा हात राखून घाल, ताई. रडशील."

"रडायला मला मिरची लागते होय?"

मग थोआच्या घशात गाठ झाली. भात उतरेना, नुसतं तिसऱ्यांचं पाणी जाई. डॉक्टरांनी सांगितलं, फार दिवस नाहीत. तिची अर्धीच भरलेली कावड बघून मिएन केळफूल चिरता चिरता रडायला लागली, तेव्हा क्वीने पोटातलं ओठावर आणलं.

"त्या दिवशी ती टोपलीसाठी परत आली होती. मी पाठमोरी जाताना बघितली तिला."

"आणि सव्वीस वर्षं तोंडात भात धरून बसलास?"

"तुझ्यापुढे तोंड उघडायची सोय आहे का?"

दुसऱ्या दिवशी मिएन पुलाच्या टोकाशीच जाऊन उभी राहिली. थोआच्या खांद्यावरची कावड तिने आपल्या खांद्यावर घेतली.

"आज भवानी तुझी, ताई."

थोआ थबकली. "क्वी बोलला वाटतं."

"तिसऱ्या रात्रभर तांदळाच्या धुवणात ठेवायच्या, त्या मी ठेवल्याच नव्हत्या. वाळू माझ्यामुळे राहिली. मला ठाऊक होतं, ताई. म्हणून तर एवढी ओरडले."

थोआने मोकळा झालेला खांदा चोळला. मग म्हणाली, "आता मी मरायला टेकलेली. माझ्या हातून भवानी झाली आणि तुझा धंदा बसला, तर लोक म्हणतील, बघा, खरंच होतं."

"म्हणू देत. दुकान माझं आहे."

थोआ स्टुलावर बसली, अगदी कडेला, कुणी उठवलं तर पटकन उठता यावं अशी. मिएनने बिनमिरचीचा वाडगा केला. थोआने दोन चमचे कसेबसे गिळले. तिचा जीव वाडग्यात नव्हताच, डोळे पुलावर होते. कुणी येईना. एक मोटारसायकल हळू झाली आणि पुढे निघून गेली. थोआने वाडगा दूर सारला.

"मिएन, कागद पेटव."

"काय बोलतेस!"

"पेटव गं. माझ्याच्याने हे बघवत नाही."

मिएनने काडेपेटी कमरेला खोचली आणि पाठ फिरवून भातावरच्या माश्या हाकलत राहिली. पुष्कळ वेळाने दोन गवंडी आले, त्यांच्यामागून शाळेतल्या बाई आल्या, आणि दुकान रोजच्यासारखं चालू झालं. मिएनने "बघ!" म्हणून थोआकडे वळून पाहिलं, पण ती कधीच झाडाखाली जाऊन बसली होती. तिसऱ्यांतली वाळू एका रात्रीत निघते. माणसाच्या मनात सव्वीस वर्षं बसलेलं एका वाडग्याने कसं निघणार? मिएनला ते कळलं. पुन्हा तिने आग्रह केला नाही.

पाचव्या दिवशी थोआ आली तो तिचा शेवटचा फेरा. जेमतेम दोन जुड्या पुदिना आणि एक केळफूल.

"कोवळं आहे हं. चिरल्याबरोबर लिंबाच्या पाण्यात टाक, काळं पडेल नाहीतर."

"हो ताई. बसतेस?"

"बसते की. वारा बरा आहे."

ती झाडाखाली टेकली. थोड्या वेळाने एक रिक्षावाला आला, त्याने वाडगा संपवला, तोंड पुसलं. मग थोआ उठून आत आली. मिएनने तिसऱ्यांचं कोमट पाणी वाटीत दिलं. तिने ते घोट घोट करून सगळं प्यायलं, वाटी पालथी घातली, रिकाम्या टोपल्या कावडीला अडकवल्या आणि कडेकडेने पूल ओलांडून गेली.