चुकलेला फर्मा

वाचनालयाच्या तळघरात फाटकी पुस्तकं शिवणाऱ्या बाइंडरआजोबांना पुस्तकाच्या आत काय आहे, याचं कधीच सोयरसुतक नव्हतं. कण्याला सरस, पुठ्ठ्याला कापड, की झालं काम. आत राजा मरो नाहीतर राणी पळो.

त्या आठवड्यात मात्र ते चक्क वाचत बसले, आणि तेही परीकथा. त्याचं असं झालं, की त्यांच्या सात वर्षांच्या नातीनं शाळेत 'माझं घर' हे चित्र काढलं आणि दारात बसवला लांडगा. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "गोष्टीतला लांडगा म्हणजे मुलांच्या मनातली भीती. घरात कुणाचा तरी धाक असणार." आता दुपारी नातीला शाळेतून आणायचं, जेवू घालायचं, ते काम आजोबांचं. लेक नजर चुकवत म्हणाली, "बाबा, सोमवारपासून तिला पाळणाघरात ठेवून बघू."

आजोबांचा आवाज मोठा, भुवया झाडूसारख्या, हे कबूल. पण पोरीवर कधी बोटसुद्धा उगारलं नव्हतं. त्यांनी तळघरातले देशोदेशीचे लांडगे धुंडाळले. एका देशात लांडगा पोरं गिळत होता, तर दुसऱ्या देशातली लांडगीण टाकलेल्या बाळाला दूध पाजत होती. कोल्हीचं तर विचारूच नका. इथे लबाड, आणि तिथे कुणाची तरी बायको होऊन सुखानं नांदतेय! आजोबांची मती गुंग झाली. "एक काय ते ठरवा की लेको!" असं ते पुस्तकांवरच खेकसले.

शेवटी रविवारी लेकीसमोरच त्यांनी नातीला विचारलं, "मी तुला लांडगा वाटतो का गं?"

"हो."

 आणि नात उड्या मारत आत गेली आणि तिचं लाडकं पुस्तक घेऊन आली. रद्दीतल्या सुट्या पानांचं, आजोबांनीच शिवून दिलेलं. "हा बघ ना तू!"

सोळाव्या पानावर जंगलात चुकलेली मुलगी, आणि झुडपातून जबडा वासून आलेला लांडगा. सतराव्या पानावर तोच लांडगा तिला पाठीवर घेऊन घरी निघालेला, आणि ती झोपेपर्यंत दारात राखण करत बसलेला.

आजोबांनी शिवण चाचपली आणि कपाळावर हात मारला. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे एकत्र शिवायची घडी, दुसऱ्याच पुस्तकाचा बसला होता. पानांचे आकडे जुळले, चित्रं बघतो कोण!

"चुकून शिवलंय गं हे," ते लेकीला म्हणाले. "उसवू का?"

लेकीनं सोळावं पान वाचलं, सतरावं वाचलं, परत सोळावं वाचलं. मग पुस्तक मिटून नातीच्या हातात दिलं. "राहू दे, बाबा. उद्या वेळेवर जा तिला आणायला."

सोमवारी फाटकाशी भुवया दिसल्या मात्र, नात समुपदेशक बाईंच्या शेजारूनच ओरडली, "लांडगा आला रे आला!" बाई दचकल्या. तोवर ती धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली होती.