आईच्या बोटावरची पट्टी

लॉकडाऊनमध्ये नर्सिंगच्या प्रवेशाच्या मुलाखती मी एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या घरातून, लॅपटॉपवर घेत होते. अर्नाळ्याची एक मुलगी नेटवर्कसाठी किनाऱ्यावर येऊन बसली होती. मागे तिची आई बांबूंवर बोंबील वाळत घालत होती.

"नर्स का व्हायचंय?" मी दोनदा विचारलं. घाबरलेल्या मुलीला शब्दच फुटेना. मी पुढचं नाव बघू लागले.

तेवढ्यात आई लगबगीनं पुढे आली. तिनं बोटावरची पट्टी सोडली आणि जखम मुलीसमोर धरली.

"बाय, बोलू नको. बांध."

मुलीनं बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, जखम हलकेच पुसली. "आई, दुखतंय?"

"नाय गो."

पट्टी बांधता बांधता मुलगी काय करतेय, का करतेय, ते मला न अडखळता सांगू लागली.

"आता इचारा, म्याडम," म्हणून आई बोंबलांकडे परत गेली. इतकी वर्षं शिकवूनही मला हे सुचलं नसतं.

यादी लागल्यावर मीच फोन केला. आईनं उचलला, पण माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"आयकलं का गो? माजी पोर नर्स व्हनार!"

बायकांचा एकच गलका उठला. फोन ठेवायचं ती विसरली. मीही ठेवला नाही.