खुर्चीखाली वाकणाऱ्या प्रभाबाई

गोपीनाथने खुर्ची उलटी केली, बैठकीखालच्या पट्टीवरचा काळा डाग पांढऱ्या ऑइलपेंटने झाकून टाकला आणि रंग वाळला की वर ‘प्रभा, डहाणू’ लिहायचं ठरवून आत चहा सांगितला. हेतू चांगलाच होता. शेजारच्या प्रभाबाईंची ही खुर्ची तलासरीला त्यांच्या भाचीच्या साखरपुड्याला जायची होती. मांडवात गेलेली खुर्ची नावाशिवाय परत येत नाही, हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म काढलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

चहाच्या आधी प्रभाबाई आल्या.

“गोपीनाथभाऊ, इथला डाग?”

“कसा झाकला बघा! आता शोधून सापडायचा नाही.”

बाईंनी ब्रशकडे बघितलं. कोसबाडच्या बाजूला शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली ही बाई अशी बघायला लागली की भलेभले द्वाड पोरगे न मागता खिशातली गोफण काढून देत. गोपीनाथने ब्रश पाठीमागे नेला.

आता त्या डागाचं सांगायला हवं. प्रभाबाईंची आई हिरी, रानशेतची. डेअरीच्या कामासाठी आलेल्या एका डॅनिश जोडप्याकडे ती स्वयंपाकाला होती. मायदेशी परतताना मडमेने तिला ही खुर्ची दिली. हिरीने ती डोक्यावर घेऊन पाड्यावर आणली, तेव्हा लोक म्हणाले, “झालं, हिरी आता तहसीलदार होणार!” हिरी काही तहसीलदार झाली नाही. तिने त्या खुर्चीत बसून जन्मभर वाल सोलले आणि येईल-जाईल त्याला सांगितलं, “ही त्यांच्या देशातली. पहिल्या घाण्यातली.”

कुणी ते मानलं नाही. गोपीनाथ तर दर दिवाळीला फराळ करता करता म्हणायचा, “मावशी, ही वलसाडच्या सुताराची. तो विमानसुद्धा करून देईल, सागवान तेवढं तुम्ही आणा.” सगळे हसायचे. हिरी फेकते, हे गावात ठरूनच गेलं होतं. ती गेली तरी ते ठरलेलंच राहिलं.

ते बाईंना खुपायचं. त्यांनी खुर्च्यांचा नादच धरला. लोक कुणाच्या घरी गेले की आधी देव्हाऱ्याकडे बघतात. बाई आधी खुर्चीखाली वाकतात. तलासरीला हायवेवरच्या भंगारात एखादा गोलसर पाय दिसला, की बस थांबवून उतरतात. पुस्तकं धुंडाळून त्यांनी शोधलं ते असं: या जातीच्या पहिल्या खुर्च्यांना पाठीवर वेत गुंडाळलेला असे, कारण आतला लाकडाचा सांधा कारागिरांना दाखवावासा वाटत नव्हता. पुढे सांधा इतका देखणा जमला, की वेताचं पांघरूण काढून टाकलं. हिरीच्या खुर्चीला वेत होता.

“मग कापा की वेत, बघा सांधा!” गोपीनाथने मागे सुचवलं होतं.

“म्हणजे साक्षीदाराचाच गळा कापू?”

पण वेत काय, वलसाडलाही मिळतो. खरी भिस्त त्या डागावर. तो तापल्या लोखंडाने मारलेला कारखान्याचा शिक्का आहे, असं बाई म्हणायच्या. चुलीजवळ ठेवून भाजलाय, असं गोपीनाथ. झिजून झिजून अक्षर मात्र लागत नव्हतं. आणि आता त्यावर पांढरा रंग.

“पुसून टाकतो ना,” म्हणत गोपीनाथने खांद्यावरचा टॉवेल काढला.

“हात लावू नका!”

बाई घरातून टर्पेंटाइन आणि जुन्या सुती साडीचा तुकडा घेऊन आल्या. तुकडा फूटपट्टीवर घट्ट ताणून बांधला, जेमतेम ओला केला आणि पट्टीवरून ओढला, दुधावरची साय काढावी तसा हलका. शाळेत कोरलेल्या लाकडात रंग भरून वरचा पुसून काढायला त्यांनी पोरांना असंच शिकवलं होतं. सपाट लाकडावरचा रंग निघून आला. भाजलेल्या बारीक खोबणीतला मात्र तिथेच राहिला. आणखी एकदा ओढल्यावर काळ्या डागात पांढरी अक्षरं उभी राहिली.

गोपीनाथ उलट्या खुर्चीवर वाकून ओठ हलवत वाचायला लागला. वरचं नाव काही त्याच्या जिभेला पेललं नाही. खालचा शब्द पेलला: डेन्मार्क.

“पण बाई,” तो वाकल्या वाकल्याच म्हणाला, “वलसाडवाल्याने शिक्कासुद्धा मारला असेल तर?”

“नक्कल करणारा शिक्का चारचौघांना दिसेल असा मारतो. बसणाऱ्याच्या ढुंगणाखाली नाही.”

आतून चहा आला. गोपीनाथने खुर्ची सुलटी केली, पाठीवरच्या वेतावरून एकदा हात फिरवला. तिच्यात बसायचं मात्र त्याच्याने होईना. कप हातात धरून तो उभाच राहिला.

“म्हणजे मावशी खरं बोलत होत्या तर?”

“ती खरंच बोलायची, तुम्हाला आज वाचता आलं.”