त्र्याहत्तरनं भाग जातो

तेव्हा मी खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत सहावीला गणित शिकवत होते. कर्जतहून रोज स्कूटरने जायचे. मूळ संख्यांचा धडा चालू होता. फळ्यावर मी १०००१ ही संख्या लिहिली. दोनने भाग जाईना, तीनने जाईना, सातने जाईना. एकतीसपर्यंत मुलांकडून करून घेतलं आणि घंटा व्हायला आली म्हणून शेजारी लिहून टाकलं, मूळ संख्या. गाइडातही तेच छापलं होतं. खरं तर शंभरचा वर्ग दहा हजार, तेव्हा शंभरपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं होतं. हे मीच त्यांना आदल्या दिवशी शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी डोंगराखालच्या वाडीतली एक मुलगी उभी राहिली. एरवी ती वर्गात तोंड उघडत नसे.

"बाई, दहा हजार एकला त्र्याहत्तरनं भाग जातो."

"कुणी सांगितलं?"

"मीच केला."

"मोबाईलवर बघितलंस ना? खोटं बोलू नकोस. बस खाली."

वर्ग हसला. तिने वही उघडून माझ्याकडे वळवून धरली होती. मी पाहिली नाही.

त्या दिवशी वह्या तपासायला घरी आणल्या, त्यात तिचीही होती. पेन्सिलीने केलेले भागाकार, एकाखाली एक. वीस फसलेले, प्रत्येकाची बाकी नीट लिहिलेली. एकविसावा त्र्याहत्तरचा. उत्तर एकशे सदतीस, बाकी शून्य. मी गुणून पाहिलं, दोनदा. कर्जतच्या एखाद्या डॉक्टरांची मुलगी उभी राहिली असती, तर मी वही लगेच हातात घेतली असती.

पुढचे दोन दिवस ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वाडीवर गेले. तिची आई अंगणात लाकडाची मोळी सोडत होती.

"बाई, आमच्याकडं मोबाईल एकच हाय," ती म्हणाली. "तिच्या बापाकडं. तो माथेरानला हाटेलात कामाला असतो. महिन्यानं येतो घरी."

आवाजात राग नव्हता.

मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. मी म्हटलं, "तुझं बरोबर होतं गं. माझं चुकलं."

ती उंबऱ्याबाहेर आली.

"मग वर्गात सांगाल?"

"सांगेन."

सांगितलं. तिचा भागाकार फळ्यावर मांडला, मुलांनी टाळ्याही वाजवल्या. ती मान खाली घालून बसली होती. त्यानंतर ती रोज शाळेत आली. पण गणित सोडवून झालं की उत्तराची जागा मोकळी ठेवायची, वही घेऊन माझ्या टेबलाशी यायची. "लिहू का, बाई?" मी लिही म्हटल्याशिवाय तिची पेन्सिल टेकत नसे. किती समजावलं, पण नाहीच.

वार्षिक परीक्षेत तिला टेबलाशी येता येणार नव्हतं. पेपर मीच तपासला. रीत सगळी बरोबर होती, आणि उत्तरांच्या जागा कोऱ्या. रीतीचे गुण मी दिले. उत्तरांचे देता आले नाहीत.