काचबंगल्यातली ठकठक

छोट्या हातोडीनं मी फरशीवर तीनदा ठोकलं. खालून दोनदा उत्तर आलं.

भर दुपारची वेळ. इंदापूरकडचा, उजनीच्या पाण्याकाठचा बंगला. घरात आम्ही तिघंच: मी, मालक सुनीलराव आणि त्यांची म्हातारी आई, जिला मी काकू म्हणत होते. मी बारामतीत स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. जुनी इमारत किती भक्कम आहे ते तपासून सांगायचं, याला ऑडिट म्हणतात. त्यात फरशी ठोकून ऐकावी लागते. खाली भरीव असेल तर आवाज टणक येतो, पोकळी असेल तर बद्द. उत्तर कधी येत नाही. खरं सांगते, मी घाबरले.

"सासूबाई हायत," काकू म्हणाल्या. मग फरशीकडं बघून "आले, आले" करत उठल्या, काचेचं दार सरकवून बाहेर पाहिलं आणि परत येऊन बसल्या. सुनीलराव खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना याची सवय असावी.

बंगला त्यांच्या वडिलांनी बांधलेला. ते साखर कारखान्यात इंजिनिअर होते. तरुणपणी मुंबईला समुद्रकाठचे नव्या धाटणीचे बंगले पाहून आले आणि तसाच हवा म्हणून हटून बसले. सपाट, पुढं आलेला स्लॅब, पाण्याकडची अख्खी भिंत काचेची, सिमेंटची जाळी, मोझॅकची फरशी. गंमत अशी, की बांधला तेव्हा समोर पाणी नव्हतंच, ज्वारी होती. धरणाचं पाणी कुठवर येणार ते त्यांना ठाऊक होतं. लोक हसले. मग खालचं जुनं गाव बुडालं आणि पाणी अंगणाशी येऊन थांबलं. आमच्या भागात असं दुसरं घर मी पाहिलेलं नाही, आणि मी या धंद्यात बरीच घरं ठोकलीत.

सुनीलरावांचं म्हणणं सरळ होतं. मी धोका आहे म्हटलं तर ते बंगला पाडणार आणि आईला बारामतीच्या फ्लॅटवर नेणार. नाही म्हटलं तर वीटही हलवणार नाहीत. काकूंना तिथून हलायचं नव्हतं. सगळं माझ्या सहीवर आलं. मला तो बंगला वाचवायचा होता, हेही कबूल करते.

आवाज कधी येतो, असं मी काकूंना विचारलं. पाणी भरलं आणि दुपारचा वारा सुटला की येतो, उन्हाळ्यात नाही, असं त्यांनी सांगितलं. मग आपणहून बोलत्या झाल्या.

"गाव उठलं तवा लोकांनी घराची दारं काढून संगं आणली. सासूबाईंनीबी आणलं. म्हणल्या, नव्या घराला ह्येच दार लावा, मगच आत येईन. आमच्या ह्यांनी लावलं न्हाय. काचंच्या घराला शोभत न्हाय म्हणले. त्या पुतण्याकडं ऱ्हायल्या, तितंच गेल्या. तवापास्नं येत्यात. मी ओ देते."

दार कुठं गेलं, ते त्यांना माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी फरशी फोडायला लावली. खाली पेव निघालं. पूर्वी जमिनीत खोल खड्डा करून धान्य साठवत, ते पेव. वडिलांनी न बुजवता त्यावरच घर उठवलं होतं. काठाची माती खचून धरणाचं पाणी आत शिरलेलं. त्या काळ्या पाण्यावर जुन्या दाराची एक फळी तरंगत होती. लाट आत आली की फळी उचलायची आणि तिची लोखंडी कडी खालून फरशीच्या स्लॅबवर आपटायची. अगदी कुणी बाहेरून दार वाजवावं तशी.

गवंडी मागं सरकले. काकू वाकून बराच वेळ बघत होत्या.

"हितं टाकलं व्हय ह्यांनी," एवढंच म्हणाल्या.

माझा जीव मात्र भांड्यात पडला. भुताला कारण सापडलं होतं, आणि कारणावर माझ्याकडं इलाज असतो. फळी वर काढून व्हरांड्यात टेकवली. पेव काँक्रीटनं भरलं, काठाला दगड रचले, मोझॅक जसंच्या तसं बसवलं. रिपोर्टमध्ये लिहिलं: सुरक्षित. पुण्याहून आर्किटेक्ट मंडळी आली, फोटो काढून गेली. मी चार दिवस मिरवून घेतलं.

पावसाळा सरून पाणी भरल्यावर सुनीलरावांचा फोन आला. मॅडम, जरा येऊन जा. मला वाटलं, तडा गेला. जाऊन पाहिलं तर तडा कुठंच नव्हता. घरात आवाज नव्हता, आणि काकूही नव्हत्या.

त्या पाण्यात उभ्या होत्या. गुडघ्याच्या वर लुगडं भिजलेलं, तोंड पाण्याखालच्या गावाकडं. रोज दुपारी वारा सुटला की जातात, सुनीलराव म्हणाले, आणि रोज थोड्या पुढं जातात. मी काठावरून वर या म्हणून हाक मारली.

"आता त्या येत न्हाईत, पोरी," त्या मागं न बघता म्हणाल्या. "वाट बुजवली तुमी. मग मलाच जायला पायजे न्हवं?"

आवाजात तक्रार नव्हती. बाजाराला निघाल्यासारखं सांगत होत्या. मी चपला काढून पाण्यात उतरले. आम्ही दोघांनी धरून त्यांना बाहेर आणलं.

त्याच संध्याकाळी सुनीलरावांनी त्यांना बारामतीला नेलं. जे होऊ नये म्हणून मी एवढी खटपट केली, तेच झालं. बंगला उभा आहे, ठणठणीत आहे, आणि कुलूपबंद आहे. माझा रिपोर्ट शब्दन् शब्द खरा आहे.

आता ऑडिटच्या फॉर्ममध्ये मी माझा एक प्रश्न वाढवलाय. या घरात राहणाऱ्याला काय ऐकू येतं, आणि ते थांबलं तर चालेल का? मालक लोक हसतात. हसू द्या. त्याचं उत्तर मिळेपर्यंत मी कुठलीच पोकळी भरायला सांगत नाही.