पखवाजाची एक ओळ

पिंगुळीच्या हरिश्चंद्र गावड्याने कोल्हापुरात राहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, तेही पहिल्या वर्गात, आणि मग गावी येऊन वडिलांबरोबर काजूच्या बागेत गवत कापू लागला. कॉलेजांना अर्ज तो सतत करत होता, पण उत्तरं येत नव्हती. आईचं म्हणणं, पोस्टमन नवा आहे. हळूहळू हरिश्चंद्रालाही ते पटायला लागलं होतं.

त्र्याऐंशी साली सावंतवाडीच्या बाजूला एक नवं कॉलेज निघालं. त्याची जाहिरात आली तेव्हा तो आपला बायोडाटा घेऊन कणकवलीला मावसभावाकडे, भाईकडे गेला. या भाईचा डेपोच्या मागे टायपिंगचा क्लास होता. त्याला स्वतःला कधी नोकरी लागली नव्हती, म्हणूनच त्याने क्लास काढला होता. पण नोकरी कशी मिळवावी याबद्दल त्याची मतं पक्की होती.

हरिश्चंद्राने हाताने लिहिलेला बायोडाटा चांगला पाच पानांचा होता. सुरुवात जन्मगावापासून. मग वडिलांची शेती, चौथीची स्कॉलरशिप, हस्ताक्षराचं बक्षीस. एम.एस्सी.चा पहिला वर्ग शेवटच्या पानावर, तोही तळाला, कारण तो शेवटी मिळाला होता.

"हो बायोडाटा आसा की कीर्तन?" भाईने विचारलं.

हरिश्चंद्राने जे घडलं ते क्रमाने आणि खरं लिहिलं होतं, असं सांगून पाहिलं. भाईने ऐकून घेतलं आणि एम.एस्सी. सगळ्यांत वर नेलं. बक्षीस उडवलं, शेती उडवली. सगळं एका पानात बसलं. उलट खाली थोडी जागा उरली. ती मोकळी सोडायला भाई तयार होईना.

"मुलाखतीक बसतले त्यांका तुझा रसायन काय कळतला? त्यांका इचारूक कायतरी ठेव. तुका दुसरा काय येता?"

हरिश्चंद्र बराच वेळ आठवत राहिला. लहानपणी गावच्या देवळात सप्ताहाला बुवा चहाला उठले की तो पखवाजावर हात मारून घ्यायचा, असं त्याने सांगितलं. वाक्य संपायच्या आत भाईने इंग्रजीत टाइप केलं : पखवाजवादनाची आवड आणि अनुभव. हरिश्चंद्राला ते टोचलं. पण पान सुबक दिसत होतं, आणि कार्बन घालून तीन प्रती निघाल्याही होत्या.

बोलावणं आलं. आठवडाभर त्याने कोबाल्टच्या संयुगांची उजळणी केली. मुलाखतीला आलेले विद्यापीठाचे तज्ज्ञ प्रवासाने दमले होते. त्यांनी त्याचे गुण पाहून समाधानाने मान हलवली. मग संस्थेच्या अध्यक्षांनी कागद हातात घेतला. हे दत्तारामशेठ. काजूचे व्यापारी, आणि त्याहून जास्त म्हणजे भजनीबुवा. त्यांचा पखवाजी नुकताच मुंबईला निघून गेला होता आणि महिन्याभरावर डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, ठरली होती. आतापर्यंत शुद्ध बोलणाऱ्या शेठांची भाषा एकदम बदलली.

"पखवाज वाजवतास तुमी?"

"थोडाफार," हरिश्चंद्र म्हणाला. हे त्याला खोटं वाटलं नाही. पण विनय म्हणून ऐकलं जाईल, हेही त्याच्या लक्षात आलं नाही. नेमणुकीचं पत्र त्या आठवड्यातच आलं.

कॉलेजात दिवसा तो मुलांना अणुरचना शिकवायचा. संध्याकाळी शेठांच्या भजनाच्या तालमीतून घशाची, तापाची, पाहुण्यांची सबब सांगून सुटायचा आणि एसटीने इन्सुलीला बाबली नावाच्या म्हाताऱ्या पखवाज्याकडे जायचा. बाबलीने त्याचे हात पाहिले आणि महिन्यात एकच ठेका होईल, असं सांगितलं. तेवढाच झाला.

डबलबारीला हरिश्चंद्राने गजर असो की गौळण, तोच ठेका वाजवला. समोरच्या बुवांनी त्यावर भर मंडपात कोटी केली. लोक हसले. हरिश्चंद्राला वाटलं, नोकरी गेली. पण दत्तारामशेठ गाऊ लागले की त्यांना स्वतःच्या आवाजापलीकडे काही ऐकू येत नसे. मंचावरून उतरताना त्यांनी हरिश्चंद्राच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, की असा संयमी पखवाजी आजवर भेटला नव्हता.

मात्र ते हसणं हरिश्चंद्राच्या मनातून जाईना. आता इन्सुलीला जायची सक्ती नव्हती, तरी तो जात राहिला. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे त्या तोंडावरच्या चामड्याला, ओली कणीक लावतात. ती किती ओली असली की नाद कसा बदलतो, यातच त्याच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. तीन-चार वर्षांत हात असा बसला, की कुडाळ-मालवणचे बुवा शेठांकडे त्याला मागायला येऊ लागले. शेठ देत नसत.

कॉलेजात प्रयोगशाळेला गॅस नव्हता. प्राचार्यांचे अर्ज संस्थेत पडून होते. एकदा बारी जिंकल्यावर शेठ भलतेच खुशीत आले आणि त्यांनी हरिश्चंद्राला काय हवं ते मागायला सांगितलं. त्यांना सोन्याची अंगठी द्यायची होती. हरिश्चंद्राने गॅस मागितला. शेठांना तो घरच्या स्वयंपाकाचा वाटला. प्रयोगशाळेचा म्हटल्यावर त्यांचा थोडा हिरमोड झाला, पण शब्द गेला होता. पुढच्या वर्षीच्या बारीनंतर रासायनिक तराजू आला, त्यानंतर धूर ओढणारा पंखा.

नव्वद साली एक बारी हरली. त्या वर्षी कॉलेजला काहीच मिळालं नाही. प्राचार्य, ज्यांना भजनाचं वावडं होतं, ते स्वतः हरिश्चंद्राकडे आले आणि त्याचा सकाळचा पहिला तास काढून घ्यायला तयार झाले, रियाजासाठी.

हरिश्चंद्राने तास सोडला नाही. सकाळी मुलं ताजी असतात, म्हणाला.